झोपलेल्या पाहुण्याचा बंदोबस्त

दूर डोंगराळ मुलखातल्या नारीन गावच्या निवृत्त शिक्षिका कान्यकेई-आपा यांच्या शरीरातलं संरक्षण खातं गेली सत्तर वर्षं विनातक्रार चालू होतं. कर्मचारी सगळे पांढऱ्या पेशी, प्रमुख दोलोत-आके.

आपा लहान असताना एका मेजवानीत घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, म्हणजे कुमीसचा वाडगा रीतीप्रमाणे तोंडोतोंडी फिरला आणि घोटासोबत एक विषाणू आत आला. नाव सायटोमेगॅलो, खात्यात सगळे त्याला ‘पाहुणा’च म्हणत. खात्यानं त्याला चोप दिला, तो कोपऱ्यात जाऊन झोपला. पाहुण्याला ‘जा’ म्हणायची त्या मुलखात पद्धत नाही, म्हणून दाराशी पहारा बसवला. तो कूस बदलायचा, पहारा वाढायचा. वाढलेला पहारा कमी करायचा असतो, हे खात्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

छातीतल्या थायमस ग्रंथीतली नव्या भरतीची शाळा आपांच्या तरुणपणीच बंद पडत आली होती. तिथून निघालेल्यांपैकी आता कुठल्याच पहाऱ्यावर न लागलेली अशी एकटी आलिमकान उरली होती. यंदाच्या थंडीत ती धावत आली.

“दोलोत-आके, फुप्फुसात नवा कुणीतरी शिरलाय! मी ओळखलंय त्याला. माणसं द्या.”

“माणसं कुठायत, पोरी? सगळी पाहुण्याच्या दाराशी.”

“अहो, तो झोपलाय!”

“बंदोबस्त चोख आहे म्हणून झोपलाय. हा तुझा नवा किती दिवस झाले इथे?”

“परवाच आला.”

“परवाच? आणि लगेच बंदोबस्त हवा? ज्येष्ठतेला काही मान आहे की नाही! त्याला म्हणावं, आधी टिकून दाखव.”

बिचारी आलिमकान एकटीच निघाली. एकीच्या दोघी झाल्या, दोघींच्या चौघी. पण पुढे उभं राहायला जागाच मिळेना. जिथे तिथे पाहुण्याचे पहारेकरी, तेही ढेरपोटे.

तापाच्या गलक्यानं पाहुण्यानं एक डोळा उघडला. “बघा, मी म्हणत नव्हतो?” दोलोत-आके हर्षभरित झाले आणि त्यांनी पहारा दुप्पट केला.

गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. “आपा, पांढऱ्या पेशी भरपूर आहेत. घोडीसारखी तब्येत आहे तुमची!”

आठवड्यानं आपा गेल्या. वाईट वाटलं, भली बाई होती. खात्याचं काम मात्र शेवटच्या श्वासापर्यंत चोख राहिलं. पाहुण्याच्या केसालाही धक्का लागला नाही.

हसताय? हसा की. लहानपणी आईनं आपल्या ताटातला घास चाखून तुम्हाला भरवलाच असेल, म्हणजे पाहुणा बहुधा तुमच्याकडेही आहे. काळजी नको, त्याचा बंदोबस्त चोख असणार. बाकी, कालपासून तुम्ही जे खोकताय, त्याच्याकडे कोण बघतंय?