भोयरकाकांचा पाचवा स्विच

भोयरकाकांच्या घरात गाणं सरळ मार्गानं येत नाही. ते आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरमधून निघतं, चार डब्यांतून जातं आणि मगच बैठकीतल्या स्पीकरमधून बाहेर पडतं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चाटच पडलो. ऑफिसात सात-आठ कॉम्प्युटर इंटरनेटला जोडायला जो हाताएवढा स्विच लागतो ना, तसले चार स्विच काकांनी एकाला एक जोडून भिंतीशी ओळीनं मांडले होते. ऐकणारी माणसं दोन, आणि स्विच चार!

"काका, एक पुरतो हो," मी म्हणालो.

"वाजाले पुरते. साफ वाजाले पुरत नाई. एक स्विच म्हंजे एक गाळणी. तारेतला कचरा गाळून राहिलो मी."

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, काकांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी पूरा चहा एकाच गाळणीनं गाळून राहिली. तीस सालात कोणी मेलं नाई."

रिसाली वसाहतीत आमची घरं समोरासमोर. काका तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये मीटर तपासायचे. रिटायर झाले, पण तपासणी काही सुटली नाही. "आधी अर्थिंग पाय" हा त्यांचा सगळ्या दुखण्यांवरचा एकच उपाय. माझा फ्रिज बंद पडला, अर्थिंग. टीव्ही गेला, अर्थिंग. माझी मुलगी गणितात नापास झाली तेव्हासुद्धा काका गंभीरपणे म्हणाले, "तिच्या टेबलाजवळच्या बोर्डाले अर्थिंग आहे का?" पावर हाउस बाजारातला तार विकणारा दुकानदार तर त्यांना लांबून पाहिलं की चहाला निघून जातो. काका तार हातानं मोजतात, नाकाशी धरून वास घेतात आणि परत देतात.

आणि हा सगळा खटाटोप एका भजनासाठी! काकूंनी तरुणपणी महिला मंडळात गायलेलं भजन. काकांनी ते कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. "त्या दिवशी मी पयल्या रांगेत होतो," काका सांगत. "तसं एकडाव आयकाचं आहे. पण सालोसाल मळकट होऊन राहिलं बे ते." मळकट झालं की एक स्विच वाढायचा.

त्यांच्या घरी गेलेल्या माणसाची सुटका नसे. खुर्चीत बसवून भजन ऐकवायचे आणि मग उलटतपासणी. टाळ कोणत्या बाजूनं आले? बांगडी वाजली का? शेवटी श्वास घेतला तो कळला? सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी सोडलं नाही. मला वाटे, हा माणूस आमच्या कानांची परीक्षा घेतो आहे.

विश्वकर्मा पूजेला, म्हणजे यंत्रं-अवजारं पुजायच्या दिवशी, पाचवा स्विच आला. काकांनी त्याला हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, नारळ फोडला. मी हसू दाबत बसलो होतो. त्यांनी बटण दाबलं.

मी ताडकन उठलो. भजन सुरू झालं होतं, पण त्याच्यावर एक बारीक, तीक्ष्ण शिटी वाजत होती. कानात सुई घालावी तशी. मी दोन्ही कानांवर हात ठेवले. काका मात्र डोळे मिटून मान डोलवत होते.

"पाय, कसं साफ झालं!"

"काका, ही शिटी कसली?"

"कोणती शिटी?"

थट्टा करताहेत असं वाटलं मला. मी खाली वाकून पाहिलं. शिटी नव्या स्विचच्या अडॅप्टरमधून येत होती. मी तो उपटला. शिटी थांबली, भजनही थांबलं.

"कावून बंद केलं?" काका म्हणाले.

मी अडॅप्टर परत लावला आणि त्यांना जवळ बोलावलं. त्यांनी गुडघे टेकून आधी एक कान लावला, मग दुसरा. शिटी माझं डोकं पोखरत होती आणि ते माझ्याकडे विचारल्यासारखे बघत होते. मी अडॅप्टर पुन्हा काढून बंद केला.

काका तिथेच फरशीवर बसले. म्हणाले, "म्हंजे कचरा तारेत नोता."

ते टाळ, ती बांगडी, तो श्वास! हा माणूस आमची परीक्षा घेत नव्हता. त्याला जे बारीक, उंच आवाज ऐकू येत नव्हते ते तो आम्हाला विचारून घेत होता, आणि मी दर वेळी कंटाळून काहीतरी ठोकून देत होतो. माझी मलाच लाज वाटली.

"तुया काकूले सांगू नको," काका म्हणाले. "तिले वाटन, तिचा आवाजच मले येत नाई."

काकू प्रसादाचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, मी बंद केलेला अडॅप्टर बाजूला सारला आणि त्याही फरशीवर काकांच्या समोर बसल्या.

"मले दोन साल झाले माहीत आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हणून तं हरेक गोष्ट समोर येऊन बोलून राहिली मी. तुमाले काय वाटलं, मले हिंडाची हौस आहे?"

काकू सरकून त्यांच्या कानाशी आल्या आणि तेच भजन म्हणू लागल्या. कॅसेटमधल्या बारीक आवाजात नव्हे. आता जाड झालेल्या गळ्यातून, खूप खालच्या पट्टीत, एकेक शब्द सोडवून. मध्येच खोकला आला, तो आवरून त्या पुढे गात राहिल्या.

काकांनी डोळे मिटले नव्हते.

"हे येऊन राहिलं," ते म्हणाले. "थांबू नको. हे पूरं येऊन राहिलं."