घटाखालचा कंद

परतीच्या पावसात भिजू नये म्हणून सकाळी ऑफिसला निघताना मी एक कुंडी बाल्कनीतून उचलून देवघराजवळ ठेवली. एवढंच. (मोठ्या दुर्घटना अशाच कुणाच्या तरी शहाणपणातून सुरू होतात.)

त्या पसरट मातीच्या कुंडीत बायारम नावाचा दुर्मीळ कंद होता. अळू-सुरणाचा परदेशी भाऊबंद. उन्हाळाभर नुसती माती दिसते आणि शरदात पानांच्याही आधी फूल येतं. वनस्पतिशास्त्र शिकायला मी सहा वर्षं स्कॉटलंडला होतो. मुलुंडच्या सातव्या मजल्यावर हे फूल उमलवायचंच, अशी शपथ घेऊन परतलो. तीन वर्षं थर्मामीटर, चाळलेली वाळू, पाण्याचं वेळापत्रक, सगळं झालं. दरवर्षी चार रोगट पानं येत आणि कंद आणखी बारीक होई. यंदा फुललं नाही, तर पुढच्या वर्षी तो उरणारच नव्हता.

संध्याकाळी पवईहून आलो तर माझ्या कुंडीत घट बसलेले!

"आई! ही माझी कुंडी आहे!"

"रिकामीच होती की. आयती कुंडी, आयती माती. धान्य पेरलं."

"आत कंद आहे!"

"मग असू दे ना. देवी काय खाणार आहे त्याला?"

"मी हळूच काढतो—"

"देवेश! घट बसलेत. दसऱ्यापर्यंत हलवायचे नाहीत. हात तर लावून बघ!"

मी हात मागे घेतला. (मी विज्ञाननिष्ठ आहे, पण आई आई आहे.) ती रोज आंघोळ करून घटावर पाणी शिंपडायची आणि मी दारात उभा राहून थेंब मोजायचो. सहाव्या दिवशी पिवळ्या कोंबांतून एक काळपट टोक डोकावलं. सातव्या दिवशी फूल! जांभळं, वीतभर, जिभेसारखं लांब. फोटो काढायला मी फरशीवर पालथा पडलो, तेवढ्यात आरतीला बायका आल्या.

"बघा गं, परदेशात राहून आला, पण साष्टांग नमस्कार विसरला नाही!"

उठता उठता मला आठवलं, या फुलाला ताज्या शेणाचा वास येतो. माश्यांना बोलवायला. आणि तो येऊ लागला होता. आईने नाक आक्रसून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला स्कॉटलंडचं एकेरी तिकीट दिसलं. आता फूल उपटलं जाणार!

शेजारच्या शेवंतीकाकूंनी खोल श्वास घेतला. त्या मालवणच्या.

"अगो बाय! शेणान सारवलंस की काय? अगदी आमच्या खळ्याचो वास!"

"म्हणजे काय," आई तत्क्षणी म्हणाली, "सणासुदीला हवंच ना!"

सगळ्या डोळे मिटून हुंगू लागल्या. एकीला आजोळचं अंगण आठवलं, एकीला गोठा. आरती कधी नव्हे ती सुरात झाली. दुसऱ्या दिवशी अख्खी बी विंग वास घ्यायला हजर! फूल वाचलं, कंद वाचला आणि मी आनंदाने सगळ्यांना पेढे वाटले.

दसऱ्याला घट उठले. मी कुंडी उचलायला गेलो, तर बाजूला फुलाचं गुपित विचारायला बायकांनी आईला घेरलं होतं.

"काही नाही गं, रोज दोन पळ्या पाणी. बस," आई शिकवत होती.

"पण देवेश यातलंच शिकलाय ना?" काकूंनी विचारलं. "तोच बघत असेल सगळं?"

"तीन वर्षं तोच बघत होता," आई म्हणाली. "म्हणून तर फूल येत नव्हतं."