आइस्क्रीमची निरीक्षणवही

शनिवारी दुपारी चार वाजता मास्तरांनी फ्रीजरमधून मटार, मक्याचे दाणे आणि आजींची गुडघा शेकायची थंड पिशवी बाहेर काढून ओट्यावर ठेवली. रिकाम्या झालेल्या जागेत त्यांनी आइस्क्रीमच्या नव्या मशीनचे जाडजूड भांडे बसवले.

"मटार कुठे ठेवायचे?" आजींनी विचारले.

"खाली, मासळीवालीच्या बर्फाच्या पेटीत. तिच्याकडे ढीगभर जागा आहे."

"आणि माझा गुडघा?"

"तो तुझ्याजवळच राहू दे. पिशवी तेवढी खाली पाठव."

मास्तर पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. आता त्यांच्या वर्गात एकच विद्यार्थिनी उरली होती, आठ वर्षांची नात. ती एका जागी म्हणून बसत नसे, त्यामुळे घरात तिला भिंगरी म्हणत.

भिंगरीच्या पोटाला दूध चालत नसे. तिच्या बाकावर बसणारी मैत्रीण तर व्हीगन होती. तिच्या घरी दूध नाही, अंडे नाही, मधसुद्धा नाही. ही मैत्रीण इतके प्रश्न विचारायची की वर्गात तिचे नावच प्रश्नावली पडले होते. कुणाचाही वाढदिवस असला की बाकीच्यांसमोर आइस्क्रीमचे पेले यायचे आणि या दोघींसमोर एकेक केळे. "हे तुमच्यासाठी खास," असे म्हणत कुणाची तरी आई ते द्यायची आणि दोघी मान हलवून "थँक्यू काकू" म्हणायच्या.

या रविवारी भिंगरीचा स्वतःचा वाढदिवस होता. तिने वर्गात जाहीर करून टाकले होते, "माझ्या घरी नारळाच्या दुधाचं आइस्क्रीम आहे. मशीनमधलं. मी खाणार तेच सगळ्या खाणार." सहा जणींना पाच वाजताचे बोलावणे गेले होते.

मास्तरांनी मशीनबरोबर आलेली पुस्तिका तीनदा वाचली आणि भिंगरीला समोर बसवले.

"या भांड्याच्या दोन भिंतींच्या मध्ये एक द्रव आहे. तो गोठला की भांडंच बर्फासारखं होतं. मग मिश्रण आत ओतायचं, पातं फिरत राहतं, आणि भिंतीला धरलेलं आइस्क्रीम खरवडून काढतं. द्रव गोठला की नाही, हे कसं ओळखायचं?"

"हलवून बघायचं. आवाज आला नाही तर गोठला."

"शाबास. आता सांग, दुधाच्या आइस्क्रीमला साय असते. आपल्याकडे सायीचं काम कोण करणार?"

भिंगरीने ओट्यावर नजर फिरवली. वाडग्यात काजू भिजत होते. "काजू?"

"काजू. आणि नारळाचं घट्ट दूध."

दोघांनी मिळून काजू अगदी गंधासारखे वाटले, त्यात नारळाचे दूध, साखर आणि व्हॅनिला घातले, गरम करून गाळले, आणि ते पातेले फ्रीजच्या खालच्या कप्प्यात गार करायला ठेवले. चव पाहण्यात अर्धी वाटी मिश्रण संपले, पण तेही निरीक्षणच होते.

मग मास्तरांनी एक कोरी वही काढली. पट्टीने रेघा मारून तीन रकाने पाडले: वेळ, तापमान, आवाज. फ्रीजरमध्ये त्यांनी प्रयोगशाळेतला जुना तापमापक ठेवला होता. "उद्या दिवसभर दर पंधरा मिनिटांनी नोंद करायची. दार उघडायचं, तापमान बघायचं, भांडं काढून कानाशी हलवायचं, परत ठेवायचं. शास्त्रात निरीक्षणाला पर्याय नाही."

"दर पंधरा मिनिटांनी?" आजी म्हणाल्या. "अहो, ते भांडं आहे की पाळण्यातलं बाळ?"

"तुला त्यातलं कळायचं नाही."

आजींनी वाद घातला नाही. जेवणे झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली आणि कडीला किल्ली हरवलेले एक जुने कुलूप नुसतेच अडकवले. त्यामुळे ती रात्र भांड्याला निवांत मिळाली.

रविवारी सकाळी सात वाजता पहिली नोंद झाली. तापमान उणे अठरा. आवाज नाही. भांडे दगडासारखे गोठले होते. मास्तरांचा चेहरा खुलला. "आता असंच लक्ष ठेवायचं," ते म्हणाले.

भिंगरीने लक्ष ठेवले. सव्वासात, साडेसात, पावणेआठ. प्रत्येक वेळी ती स्टुलावर चढून दार उघडे, तापमापकाचा पारा नीट स्थिर होईपर्यंत थांबे, भांडे काढून कानाशी हलवी, आणि मग शांतपणे, ओळीच्या बाहेर एकही काना न जाऊ देता, नोंद करी. फ्रीजरचे दार तोवर उघडेच असे. पान भरले की ती वही मास्तरांकडे न्यायची. मास्तर चष्म्यावरून समास बघत, रेघा बघत, अक्षराची वळणे बघत, आणि लाल पेनाने खाली लिहीत: सुबक.

दुपारी चारपर्यंत अशी तीन पाने झाली. तिन्ही सुबक.

मैत्रिणी पाचऐवजी साडेचारलाच आल्या. मास्तरांना इतका मोठा वर्ग बऱ्याच वर्षांनी मिळाला होता. त्यांनी सहाही जणींना फ्रीजसमोर रांगेत उभे केले आणि भांडे प्रत्येकीच्या हातात दिले.

"हे इतकं जड का?" प्रश्नावलीने विचारले.

"कारण भिंती दुहेरी आहेत."

"दुहेरी का?"

"मध्ये द्रव आहे."

"मग त्याचा आवाज का येतोय?"

पण तेवढ्यात भांडे पुढच्या मुलीच्या हातात गेले होते, आणि मास्तर मिश्रणाचे पातेले आणायला वळले होते.

पाच वाजता मशीन सुरू झाले. मिश्रण ओतले, झाकण लागले, पाते फिरू लागले. पुस्तिकेत वीस मिनिटे लिहिली होती. वीस मिनिटांनी मास्तरांनी झाकणातून डोकावून पाहिले. आत सूप फिरत होते.

"होतंय," ते म्हणाले. "आता हवा आत जातेय. हवेमुळेच आइस्क्रीम मऊ होतं."

चाळीस मिनिटांनी सूपच फिरत होते. फक्त आता त्यात हवा होती.

"आजोबा, ते थोडं जाड झालंय का?" भिंगरीने विचारले.

"किंचित."

"मला नाही वाटत," प्रश्नावली म्हणाली.

आजींचा फोन वाजला. भिंगरीची आई कामावरून परत येत होती. आजींनी फोन घेऊन आवाज हळू केला, पण स्वयंपाकघर लहान होते. "अगं, नाही जमलेलं... हो, त्या मुलींसाठी दुकानातलाच आण एक डबा. पाचच जणी आहेत तशा... हो, या दोघींचं बघू आपण."

मास्तरांनी मागे वळून पाहिले तेव्हा भिंगरी त्यांच्याशेजारी नव्हती. ती ओट्यापाशी उभी होती. तिने दोन बशा काढल्या होत्या आणि एक केळे सोलून त्याच्या सारख्या जाडीच्या चकत्या करत होती. अर्ध्या एका बशीत, अर्ध्या दुसऱ्या बशीत.

"हे काय गं?" मास्तरांनी विचारले.

"काही नाही. आम्हाला सवय आहे." तिने एक चकती इकडून तिकडे ठेवली, म्हणजे वाटणी बरोबर होईल.

मास्तरांनी मशीन बंद केले, खुर्ची ओढली आणि निरीक्षणवही उघडली. या वेळी त्यांनी समास पाहिला नाही. आकडे वाचले.

सात वाजता उणे अठरा. नऊ वाजता उणे पंधरा. अकराला उणे अकरा. एकला उणे आठ, आवाज: थोडा. तीनला उणे पाच, आवाज: बराच. चार वाजता उणे चार, आवाज: खळखळ. खाली लाल शाईत, त्यांच्याच हाताने: सुबक.

"भिंगरे," मास्तर म्हणाले, "यात खळखळ लिहिलंय."

"हो. मी पण लिहिताना जरा थांबले होते. पण तुम्ही खाली सुबक लिहिलंत, म्हणून मला वाटलं बरोबर असेल."

मास्तरांनी वही मिटली. सात मुली त्यांच्याकडे पाहत होत्या. पस्तीस वर्षांत वर्गासमोर हे वाक्य म्हणायची वेळ फार कमी वेळा आली होती, त्यामुळे ते जरा अडखळत निघाले. "भांडं सकाळी तयार होतं. आपण दार उघडून उघडून ते बिघडवलं. हिने सगळं बरोबर लिहिलं. मी वाचलं नाही. चूक माझी."

"शिक्षकांची चूक झाली तर कोण रागावतं?" प्रश्नावलीने विचारले.

"त्याची सोय आहे घरात," आजी म्हणाल्या. "आधी खाली जा आणि मासळीवालीला विचारा, भांडं तिच्या पेटीत लवकर गोठेल का. मी हिच्या आईला अर्धा तास थोपवते."

मासळीवाली खालच्या मजल्यावर राहायची आणि तिचा बाजारातला गाळा दुपारी बंद व्हायचा. मास्तर भांडे छातीशी धरून तिच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी सगळी हकिकत सांगितली. तिने भांडे हातात घेऊन एकदा हलवले.

"हे उद्यापर्यंत गोठेल, मास्तर."

"उद्या नको. आत्ता हवंय."

"मग भांडं कशाला हवं? बादलीभर बर्फ घ्या, त्यात जाडं मीठ घाला. मीठ पडलं की बर्फ शून्याच्याही खाली गार होतो. मध्ये झाकणाचा डबा ठेवा आणि फिरवत राहा."

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. "हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. सातवीत. माझा सगळा धंदा त्या एका धड्यावर चाललाय." ती बर्फ फोडायला वळली आणि तिथूनच म्हणाली, "माझ्या वहीत तुम्ही लिहिलं होतंत, अक्षर गचाळ. उत्तर बरोबर होतं, ते नव्हतं वाचलंत."

मास्तरांनी मान खाली घालून मिठाची पिशवी उचलली.

दहा मिनिटांत स्वयंपाकघराच्या मधोमध बादली आली. बर्फ, मीठ, बर्फ, मीठ असे थर झाले. मध्ये घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि डब्यात ते हवा भरलेले सूप.

"आइस्क्रीमला माशांचा वास येईल का?" प्रश्नावलीने विचारले.

"बर्फ नवा आहे, आणि तो बाहेर," मासळीवाली म्हणाली. "तुझं आइस्क्रीम आत. दोघांची गाठ पडत नाही."

मुलींनी पाळ्या लावल्या. प्रत्येकीने डबा शंभर वेळा इकडून तिकडे फिरवायचा आणि बाकीच्यांनी मोजायचे. पहिल्या फेरीनंतर मास्तर पुढे वाकले. "एकदा जरा झाकण काढून बघू या का? फक्त निरीक्षण."

भिंगरीने दोन्ही हात झाकणावर ठेवले. "नाही."

"अगं, एकदाच."

"आजोबा, तुम्ही गॅलरीत जा."

आजींनी गॅलरीचे दार उघडून धरले. मास्तर गेले. काचेतून ते बराच वेळ आत पाहत होते, पण भिंगरीची पाठ मध्ये येत होती.

दुसऱ्या फेरीत मोजणाऱ्यांचे आकडे चुकू लागले, तिसऱ्या फेरीत डबा जड झाला. आता भिंगरीने स्वतःच झाकण काढले आणि चमचा खाली नेऊन डब्याच्या कडेने फिरवला. कडेला धरलेला जाड, पांढरा थर गुंडाळत वर आला. पुन्हा झाकण, पुन्हा शंभर. पुढच्या वेळी चमचा आत उभा राहिला.

मग तिने आठ वाट्या मांडल्या, एक मासळीवालीसाठी, आणि गॅलरीच्या काचेवर टकटक केले. "आजोबा, आता बघा."

भिंगरीची आई दुकानातला डबा घेऊन आली तेव्हा सगळ्या वाट्या चाटून पुसून झाल्या होत्या आणि मासळीवाली दुसऱ्या वाटीवर होती. प्रश्नावलीने पहिल्यांदाच बराच वेळ काही विचारले नव्हते. केळ्याच्या चकत्या मास्तरांच्या वाट्याला आल्या होत्या, कारण आइस्क्रीम त्यांना एकच चमचा उरले होते. आईने आणलेला डबा कुणीच उघडला नाही. तो फ्रीजरमध्ये गेला, गडबडीत दार नीट लागले नाही, आणि रात्रभरात तिथे त्याचेच सूप झाले.

सोमवारी मास्तरांनी फ्रीजर पुसून घेतला, मशीनचे भांडे पुन्हा आत ठेवले आणि पुढच्या रविवारची तयारी सुरू केली. शाळेतून आल्यावर भिंगरी निरीक्षणवही घेऊन बसली. त्या दिवसाची नोंद मास्तरांनी केली होती, तापमान आणि आवाज हे रकाने खोडून.

दहा वाजता: दार बंद. साडेदहा: दार बंद. अकरा: दार बंद. साडेअकरा: दाराला कान लावला, दार बंद. बारा: दार बंद.

असे संपूर्ण पान होते. अक्षर घाईचे होते आणि दोन ओळी समासात गेल्या होत्या. भिंगरीने बोट ठेवून एकेक ओळ शेवटपर्यंत वाचली, मग दप्तरातून लाल पेन काढला आणि खाली लिहिले: बरोबर. अक्षराकडे लक्ष द्यावे.