कमल सिस्टरची बिनटपाची मोटार

दारव्ह्याच्या आठवडी बाजारातून मोटार काढायची तर लोक हॉर्न वाजवतात. माझी कमलआत्या हॉर्नला हात लावत नाही. ती समोरच्या माणसाला त्याच्या जन्माची हकीकत सांगते.

"सरक रे, पायाकडून आलता तू, अजून सरळ चालता येत नाही तुले." तो बिचारा पिशवी सावरत बाजूला होतो. "ए सुरेश, तुह्या मायनं अख्खी रात जागवलं मले, आता तू तरी रस्ता दे." सुरेश दोन लेकरांचा बाप, बाजारात त्याचं कांद्याचं मोठं दुकान, पण मुकाट्यानं टोपली उचलतो. आत्यानं जन्मभर नर्सची नोकरी केली. सगळा तालुका तिला कमल सिस्टर म्हणतो. तालुक्यातली अर्धी माणसं माझ्याच हातानं जगात आली, असं ती सांगते. मला तो आकडा जरा फुगवलेला वाटतो, पण तपासायला जातं कोण?

मोटारीला टप नाही. म्हणजे आहे, चांगला ताडपत्रीचा शिवून घेतलेला, पण तो मागं घडी घालून ठेवलेला. लावलेला कोणी पाहिला नाही. मे महिन्यात आत्या डोक्याला ओला दुपट्टा बांधते, पावसात रेनकोट घालते, आणि निघते. तिला काही सांगायला जावं तर म्हणते, "टप लावून फिराचं असतं तं काळीपिवळी जीप काय वाईट होती? नोकरीभर लसीचा डबा माह्या मांडीवर अन् मी दुसऱ्याच्या मांडीवर. आता मले वारं खाऊ दे." 'वारं खाऊ दे' हे तिचं पालुपद. त्याच्यापुढं कोणाचं काही चालत नाही.

ही मोटार तिला कापसातली सरकी काढणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये सापडली. जुन्या मालकाची हौसेची गाडी. मालक वारला, मुलं नागपूरला गेली, आणि मोटारीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. आत्या त्या बाजूला पोलिओचे डोस पाजायला जायची, तेव्हापासून तिचा डोळा होता. रिटायर झाल्यावर तिनं पहिलं काम हे केलं, की बैलजोडी लावून मोटार मुश्ताकभाईंच्या गॅरेजात ओढून नेली.

मुश्ताकभाई जीपवाल्यांचे मिस्त्री. त्यांनी बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि दोन-चार नळ्या ओढून पाहिल्या. मग म्हणाले, "सिस्टर, हे इंजिन खतम आहे. मिट्टी द्या आता."

"मुश्ताक, तू पण निळा पडला होता जन्मल्यावर," आत्या म्हणाली. "तुह्या दादीनं रडणं सुरू केलतं. उलटा धरून चापटी मारली तेव्हा श्वास घेतला तू. मार हिलेही चापटी."

मुश्ताकभाईंनी मग दोन उन्हाळे चापट्या मारल्या. काही पार्ट जीपचे बसवले, काही ट्रॅक्टरचे, आणि काही त्यांच्या डोक्यातून निघालेले. मोटार पहिल्यांदा धडधडली तेव्हा मुश्ताकभाई तिथंच खाली बसले आणि रुमालानं डोळे पुसायला लागले. मी स्वतः पाहिलं. रंग आत्यानं निवडला, लाल. तोही असा, की म्हशी बिथरून रस्ता सोडायच्या.

राहिल्या सीटा. मुश्ताकभाई म्हणाले, नागपूरहून फोम आणू. आत्याला ते लागलं.

"माह्या भावाच्या घरी माजघर भरून कापूस पडला आहे, अन् मी फोम आणू?"

ती वर्षंच तशी होती. भाव नाही म्हणून कापूस घराघरात पडून. आमच्याकडे कापूस माजघरात झोपायचा आणि आम्ही ओसरीत. साठवलेल्या कापसाची खाज ज्याला सुटली त्यालाच कळते, सांगून समजत नाही. आत्यानं आमच्याकडून दोन गाठोडी नेली. सरकी तरी काढून घ्या, असं मुश्ताकभाई म्हणत होते. "जिनिंग चालू आहे कुठं? भर तसाच," आत्या म्हणाली. तेव्हापासून तिच्या मोटारीतून फिरून आलेला माणूस आधी गाडीचं तोंडभरून कौतुक करतो, आणि मग पाठ खाजवायला भिंत शोधतो.

फिरायला ती कोणालाही न्यायची, पण बसायचं मागं. पुढं तिच्या शेजारी कोणी बसायचं नाही. एकदा आमचे सरपंच ऐटीत पुढचं दार उघडून एक पाय आत घालते झाले. "मागं," आत्या म्हणाली. "ती जागा धरलेली आहे." सरपंचांनी पाय बाहेर काढला. तेही तिच्याच हातचे.

ती जागा माझ्या बाबांसाठी धरलेली होती.

बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, गजानन. आजी वारली तेव्हा बाबा रांगत होते. आत्यानं त्यांना कडेवर घेऊन शाळा केली, नोकरी लागल्यावर त्यांना शिकवलं, त्यांचं लग्न लावून दिलं. या सगळ्यात तिचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. बाबा तिला बाई म्हणतात. मोटार तयार झाली त्या दिवशी ती आधी कुठं गेली असेल, तर बोरी अरबच्या पुढं आमच्या गावी, आमच्या दारात. गाव गोळा झालं. आत्यानं पुढचं दार उघडून धरलं आणि म्हणाली, "बस गजू."

बाबा उंबऱ्यातून हलले नाहीत. "लोकाइच्या घरी कापूस सडून राह्यला, बाई, अन् तू मोटारी फिरवून राह्यली? काही लाज वाटू दे. मी नाही बसत."

सगळ्या गावासमोर. आत्यानं हळूच दार लावलं. "नको बसू," एवढंच म्हणाली.

माझा बाप तापट आहे, पण चहा होईस्तोवर विसरतो. या खेपेला विसरला नाही. बोलणंच टाकलं. आत्या तरी दर गुरुवारी यायची, आईजवळ बसून चहा प्यायची, बाबा गोठ्यात जाऊन उभे राहायचे. जाताना ती पुढची सीट पदरानं झटकायची आणि निघायची. मला दोघांचाही राग यायचा. एक बोलत नाही, दुसरी विचारत नाही, आणि मधल्यामध्ये आईचा जीव जातो.

त्या वर्षी पेरलं आणि पावसानं दडी मारली. बाबांनी दुबार पेरलं, तरी अर्ध्या वावरात बी उगवलंच नाही, ओळींत खाडेच खाडे. आणि मग पाऊस असा लागला की उघडेना. बाबा घरात कोणाशीच धड बोलत नव्हते. आत्या मात्र रेनकोट घालून, टप न लावता, आपली हजर.

अशाच एका गुरुवारी ती चहाला आत गेली, आणि मी म्हटलं, भिजलेली सीट पुसून ठेवावी. पाहते तर पुढच्या सीटची शिवण उसवलेली, आणि तिच्यातून कपाशी वर आलेली. हिरवीगार, दोन-दोन पानांची. मागच्या सीटवर माणसं बसून बसून काही उरलं नव्हतं. पुढं कोणी बसलंच नव्हतं, म्हणून सरकी निवांत उगवली होती.

मला हसू आवरेना. आई आली, तीही हसायला लागली. शेजारच्या बाया आल्या. आत्या आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. एवढा गलका ऐकून बाबा गोठ्यातून आले. मोटारीच्या इतक्या जवळ ते कधी आले नव्हते. त्यांनी वाकून एका पानाला बोट लावलं.

"कोनतं बी?" बाबांनी विचारलं. कितीतरी महिन्यांनी ते आत्याशी बोलत होते.

"तुह्याच घरचं," आत्या म्हणाली.

"वावरात दोनदा पेरलं ते नाही निघालं," बाबा म्हणाले, "अन् हे पाह्य, बाईच्या सीटमधी निघालं." आणि ते हसायला लागले. इतके, की दाराला धरून उभं राहावं लागलं. वर्षभरात आम्ही ते हसणं ऐकलं नव्हतं. आईनं तर तोंडाला पदर लावला.

"आता तं बस," आत्या म्हणाली.

"कुठं बसू? रोपं आहेत ना."

उगवलेल्या रोपावर बसणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी टोपलं मागवलं, ओल्या कापसासकट एकेक रोप अलगद उचललं. घरच्या सरकीला धड पीक येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी म्हणाले, "खाडे भरून टाकू." मग त्या ओल्या, उसवलेल्या सीटवर बसले आणि टोपलं मांडीवर घेतलं. "चाल बाई. वावरात घे."

मी मागं बसले. वावरात चिखल तुडवत दोघांनी रोपं लावली. एक खड्डा करायचा, दुसरी माती लोटायची. भांडत होते. आत्या खोल लावते म्हणून बाबा ओरडत होते आणि ती ऐकत नव्हती.

येताना आत्या घराकडे वळायला लागली, तेव्हा बाबा म्हणाले, "इकडून कायले? गावातून घे. पारावरून. अन् हळू चालव, लोकाइले पाहू दे."

पारावरची माणसं उठून उभी राहिली. पोट्टे मागं धावायला लागले. सरपंच पान खाता खाता थांबले. बाबा छाती काढून बसलेले, एका हातानं रामराम चालू आणि दुसऱ्या हातानं पाठ खाजवणं चालू. "बाई, आणखी एक चक्कर घे," ते म्हणाले, आणि आत्यानं घेतली.

दारात मोटार थांबली. बाबा उतरून थेट चुलीपाशी गेले आणि इंजिन कसं बोलतं ते आईला मोठ्यानं सांगायला लागले. मी आत्याला म्हटलं, चल, पुन्हा चहा ठेवला आहे. ती स्टिअरिंगसमोर तशीच बसून होती. शेजारच्या सीटवर बाबांच्या बसण्याचा खळगा पडला होता, आणि तिचा हात त्या खळग्यावर होता.

"जाय तू," ती म्हणाली. "मी येते. आत्ताच उठून गेला गजू इथून."