इंगोले सरांची दुसरी हजेरी

आमच्या शाळेत मेलेली माणसं रोज वेळेवर हजर असत. जिवंत मुलांचा काही भरवसा नसे. कळमनुरीचा बाजार असला की निम्मा वर्ग बापाबरोबर बैल बघत फिरायचा. पण इंगोले सरांच्या इतिहासाच्या तासाला मेलेल्यांपैकी कुणी दांडी मारल्याचं मला आठवत नाही.

मी गणित शिकवायचो. माझा वर्ग आणि सरांचा वर्ग यांच्यामध्ये बांबूच्या तट्ट्याची भिंत होती, म्हणजे भिंत नव्हतीच. मी फळ्यावर समीकरण मांडून पाठ वळवतो न वळवतो तोच पलीकडून सरांचा खडा आवाज यायचा. आधी मुलांची हजेरी. ती संपली की दुसरी.

"पुरातला होडीवाला?"

"हजर, सर!"

"दुष्काळातला तहसीलदार?"

"हजर!"

"भूकंपातली सुईण?"

"ती पाणी प्यायला गेली, सर."

माझी मुलं खुदुखुदु हसायची आणि माझं समीकरण तसंच लटकत राहायचं. मी हेडमास्तरांकडे तक्रार केली. हेडमास्तर म्हणाले, "मी त्यांना बोललो होतो. त्यांनी मलाच विचारलं, पुरात तुम्ही कोण होणार?"

सरांची पद्धत अशी. पूर, दुष्काळ, साथ, आग, भूकंप, असा कुठला धडा आला की ते त्यातली माणसं वर्गात वाटून टाकत. ज्याला जो माणूस मिळेल त्यानं आठवडाभर तो माणूस व्हायचं, आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. पुस्तकात 'हजारो लोक मृत्युमुखी पडले' असं वाक्य आलं की सर पुस्तक मिटून टेबलावर आपटत. "हजारो कदी मरत न्हाईत पोराहो. माणूस एकेकटा मरतो. हजारो मागून लिहितेत."

प्रश्नही ठरलेले असत. तो कशाला भ्याला? त्यानं कोणाकडं पाहिलं? आणि शेवटी, सरांचा लाडका, 'हातात काय व्हतं?' सरांचं म्हणणं असं की संकटात माणूस तोंडानं काहीही बोलतो, पण हातात काय धरतो त्यावरून तो बराबर कळतो.

एकदा वादळात शाळेचे पत्रे उडाले आणि आम्ही सगळे मैदानात पळालो, तेव्हा भर पावसात सर प्रत्येकाचे हात तपासत फिरले. हेडमास्तरांच्या हातात स्वतःची छत्री होती आणि तीही मिटलेली. माझ्या हातात खडूचा डबा. "गणितवाले," सर म्हणाले, "तुमचं काही खरं न्हाई." पुढं महिनाभर शिक्षकांच्या खोलीत चहा आला की त्या डब्याचा विषय निघायचा.

मुलं हा प्रकार जिवावर उदार होऊन करायची. एकदा एक बाई पदर खोचून थेट वर्गाच्या दारात आल्या. "ओ सर, माझं पोरगं घरी भाकर खायना झालंय. म्हणतंय, मी दुष्काळातला हाय, मला न्हाई मिळत. तकलीफ माझ्या जिवाला हाय ना! त्याला उद्यापासून येपारी करा, न्हाई तर मी त्याला शाळेतून काढते." सरांनी गंभीरपणे त्या पोराला धान्याचा व्यापारी केलं. दुसऱ्या दिवशी त्यानं चार भाकरी खाल्ल्याची खबर आली.

आणि यमुना. नववीतली ही बारकी, तिखट पोरगी. शिरड शहापूरकडची, मामाकडे राहून शिकायची. पुराच्या धड्यात तिला एक म्हातारी मिळाली होती. हातात काय होतं विचारल्यावर ती म्हणाली, "वरवंटा."

"नुसता वरवंटा? आन् पाटा?"

"पाटा जड हाय सर. तो घरीच ठिवला. पण वरवंटा माझ्याकडं असल्यावर पाटा चोरून कोण काय करंल?"

सरांनी आनंदानं तिचं उत्तर सगळ्या वर्गाकडून तीनदा म्हणून घेतलं. मधल्या सुट्टीत मला ओढत चहाला नेलं आणि वाटेत भेटेल त्याला हा किस्सा ऐकवला. कनेरगाव नाक्याकडं जाणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरलासुद्धा. "पुस्तक लिहिणाऱ्याला सुचलं असतं का हे? माझी पोरगी हाय!" सरांना बायको नव्हती, मूल नव्हतं. एका खोलीत स्टोव्ह, कंदील आणि ते.

बहात्तरच्या दुष्काळात याच मुलांनी आईबापांबरोबर खडी फोडली होती, पोटासाठी सरकारी सुकडीच्या रांगेत उभी राहिली होती. सर त्यांना सांगत, "उद्या तुमी बी धड्यात येणार. आपल्याबद्दल कुणी नुसतं 'हजारो' लिवलं तर चालंल का?" वर्ग एका सुरात ओरडायचा, "न्हाई!" तट्ट्याच्या अलीकडे माझा वर्गही ओरडायचा.

एक धडा मात्र पुस्तकात नव्हता. सरांनी तो स्वतःच घातला होता. निजामाच्या राज्यात आपल्या भागातल्या एका गावात पटकीची साथ आली, लोक घरं सोडून रानात राहायला गेले, त्याची गोष्ट. त्यात विहिरीवर पहारा देणारा होता, आजाऱ्यांना पाणी पाजणारी बाई होती, वैद्य होता. आणि एक पळणारा होता. बायकोला साथ लागली तशी तिला घरात टाकून पळाला तो. त्याचं नाव नव्हतं. हजेरीत 'पळणारा?' असंच पुकारलं जायचं आणि सर स्वतःच 'हजर' म्हणायचे. हे काम त्यांनी कधी कुणा मुलाला दिलं नाही. "लेकराला झेपायचं न्हाई," म्हणत. मग स्टुलावर बसून वर्गाच्या शिव्या खात. दरवर्षी मुलं त्या पळपुट्याला फाडून खायची.

त्या वर्षी परभणीहून तपासणीला साहेब येणार होते. आदल्या वर्षी त्यांनी बजावलं होतं की इतिहासाच्या तासाला नाटक चालतं, ते बंद करा. पुन्हा दिसलं तर इंगोल्यांचा इतिहास काढून त्यांना कवायत द्या. हेडमास्तरांनी सरांचे हात धरले. "एक दिवस, फक्त एक दिवस पुस्तकातून शिकवा."

"मंग त्या माणसांनी एक दिवस कुठं जावं?" सरांनी विचारलं.

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. सर वाहवत गेले तर खोकायचं, असं ठरवून मला मागच्या बाकावर बसवण्यात आलं. मी खोकलोही. दुसरी हजेरी सुरू झाली तेव्हा खोकलो, सरांनी पटकीचा धडा काढला तेव्हा इतका खोकलो की साहेबांनी माझ्यासाठी पाणी मागवलं.

सर स्टुलावर बसले. मुलांनी विहिरीवाल्याला विचारलं, पाणीवालीला विचारलं. मग पळणाऱ्यावर तुटून पडली. साहेबांच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. ते उठून म्हणाले, "ठीक. या धड्यापासून आपण काय बोध घ्यावा?"

पुढच्या बाकावरचा हुशार पोरगा ताडकन उभा राहिला. "पळपुट्या माणसासारखं वागू नये, साहेब."

"शाबास. हेच फळ्यावर लिहा, आणि धडा संपवा."

सर खडू घेऊन उठले. मी सुटकेचा श्वास सोडला. एवढं लिहिलं की इतिहास वाचला. आणि यमुनानं हात वर केला.

"साहेब, त्याला एक इचारायचं राहिलं."

मी शेवटचा खोकलो. तिनं ढुंकून पाहिलं नाही.

"पळताना तुमच्या हातात काय व्हतं?"

इतकी वर्षं तट्ट्याआडून मी हा धडा ऐकत होतो. त्या माणसाला कशाला भ्यालास विचारलं होतं, लाज वाटली का विचारलं होतं. त्याच्या हातात काय होतं हे एकानंही विचारलं नव्हतं. पळपुट्याच्या हातात काय बघायचं?

सरांनी खडू खाली ठेवला. ते पुन्हा स्टुलावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले.

"लेकरू," ते म्हणाले.

यमुना उभीच होती. "मंग बाईला काहून टाकलं?"

"तिनंच लोटलं त्याला. म्हणली, याला जगीव. मागं बघशील तर तुला माझी आण हाय."

"मंग गावात सांगितलं काहून न्हाई?"

"साथ सरल्यावर आला व्हता सांगायला. कोणी दारात उभं केलं न्हाई. मंग त्यानं बी तोंड उघडलं न्हाई. दुसऱ्याच्या गावात सालगडी राहिला, त्या लेकराला शिकवलं."

साहेब मध्येच म्हणाले, "इंगोले, याला आधार काय? हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानंच, साहेब. जाताना."

"आणि ते मूल? त्याचं काय झालं?"

"हजेरी घेऊन राहिलंय, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्या हुशार पोराला म्हणाले, "बाळ, तो बोध आता फळ्यावर नको." आणि यमुनाला हात जोडले. आमच्याकडं तपासणीला आलेल्या साहेबानं नववीतल्या पोरीला हात जोडलेले मी पहिल्यांदा पाहिले. मलाच अभिमान वाटला. ती काही माझी लाडकी विद्यार्थिनी नव्हती, गणितात तर ती दिव्य होती, तरीही.

इतिहास सरांकडेच राहिला.

त्या संध्याकाळी चहाच्या दुकानात सरांनी माझ्यासाठीही चहा सांगितला. मी विचारलं, "इतक्या वर्षांत सांगून का नाही टाकलं?"

"मी सांगितलं असतं तर माझ्या तोंडाकडं बघून पोरं हळहळली असती. ते काय शिकणं झालं?" ते म्हणाले. "मी वाट बघून राहिलो व्हतो, गणितवाले. कुणीतरी माझ्या बापाचे हात बघंल म्हणून. आन् इचारलं कोणी? माझ्या पोरीनं!" मग त्यांनी डोळे पुसले आणि हॉटेलवाल्याला माझ्या खडूच्या डब्याची गोष्ट सांगायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर समीकरण मांडत होतो. पलीकडे दुसरी हजेरी सुरू झाली. विहिरीवाला हजर, पाणीवाली हजर, वैद्य हजर. मग सर थांबले. 'पळणारा' हा शब्द आला नाही.

"सखाराम इंगोले?"

हे नाव वर्गानं कधी ऐकलं नव्हतं. मुलं एकमेकांकडे बघत असणार, कारण कुणीच बोललं नाही. सरांनी पुन्हा पुकारलं नाही.

मी खडू ठेवला, तट्ट्याकडे तोंड केलं आणि माझ्या सगळ्या वर्गासमोर, हेडमास्तरांच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "हजर, सर!"