खिडकीतली रांगोळी

आमच्या नंदनवन वस्तीत सगळ्यांची रांगोळी दारात असे. ढोबळेसरांची खिडकीत असे, आणि ती सर स्वतः घालत. चहाच्या पेटीतली चंदेरी पन्नी कातरून तिच्या नागमोडी पट्ट्या ते काचेवर ओळीनं चिकटवत. शेजारच्या गोदाबाईंना ती करणी वाटली. त्यांनी सरांच्या दारावर लिंबू आणि भिवापुरी मिरच्या बांधल्या. सरांनी मिरच्यांचा ठेचा केला, लिंबाचं सरबत.

सर इंजिनिअरिंग कॉलेजात रेडिओ शिकवत. त्यांचं म्हणणं, नेमक्या लांबीच्या पट्ट्या नेमकी एकच लहर अडवतात, बाकीच्या आत सोडतात. पण त्यांना नको असलेल्या लहरीसाठी पट्टी एवढी लांब लागे की खिडकीत जेमतेम दोन मावत. आणि काम व्हायला तर पलटण हवी.

"लांबी कमी नाही करायची गा, घडी घालायची!" हे त्यांचं पालुपद. सतरंजी, छत्री, मुक्कामाचे पाहुणे, सगळ्यांना हाच नियम. स्वतःच्या बोलण्याला मात्र त्यांनी कधी घडी घातली नाही.

त्यात ते बोलत ओरडून. त्यांच्या पत्नीला, शशीकाकूंना, कमी ऐकू येई. "भात लावून राहिली काय वं?" हे अख्ख्या गल्लीला कळे. काकूंकडे कानाचं मशीन होतं. पण समोर वायरलेसचा खांब उभा राहिल्यापासून त्याच्या लहरीनं ते सारखं घरघरे, म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलं होतं.

"मग खिडकीला पत्राच ठोका ना, सर," मी एकदा म्हणालो.

"काहून? तिले उजेड लागते, रस्ता पाहाले लागते, संध्याकाळी ट्रान्झिस्टर लागते. सगळंच अडवाले अक्कल कायले पाहिजे गा?"

किती पन्न्या वाया गेल्या, देव जाणे. शेवटी एका रविवारी त्याच लांब पट्ट्यांच्या तळहाताएवढ्या नागमोडी घड्यांनी खिडकी भरली. काकू मशीन लावून खिडकीशी बसल्या. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. सर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"शशी," ते हळूच म्हणाले. त्यांचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

काकू वळल्या. "एवढं हळू काहून बोलून राहिले जी? तब्येत बरी नाही काय?"

सर खाली बसले आणि पंच्यानं चष्मा पुसत राहिले. मला फार बरं वाटलं.

त्या दिवसापासून सरांच्या घरातलं काही गल्लीला कळेना. "भांडले वाटते दोघं," गोदाबाई काळजीनं म्हणाल्या. संध्याकाळी मी मुद्दाम त्या खिडकीवरून गेलो. पट्ट्यांच्या फटीतून दिवा दिसत होता. सर काकूंच्या शेजारी बसून काहीतरी सांगत होते, आणि काकू हसत होत्या. मी जरा थांबलो, पण मला एक शब्दही ऐकू आला नाही.