हमखास 'ब'

ज्यांना गणित येत नाही त्यांनी अभ्यास करावा, असं श्यामसुंदरचं ठाम मत होतं, आणि ते तो वाशीत दिसेल त्याला ऐकवायचा. ऐकणारे तरी कितीसे होते म्हणा! एक्क्याऐंशी सालची वाशी ती. सेक्टरांना नंबर मिळाले होते, पण मधले रस्ते अजून यायचे होते. बस मनात आली तर यायची. दिवेलागणीला खाडीकडून कोल्हेकुई सुरू झाली की बायका लेकरांना हाका मारून घरात घ्यायच्या. पण बिल्डिंगीत कुणाचं दार दिवसा बंद नसायचं, आणि एकाच्या घरी शिरा झाला की तीन घरांतल्या वाट्या रिकाम्या परत जायला लाजायच्या. तो शेजार पुढे कुणालाच मिळाला नाही.

बिल्डिंग सगळी तुर्भ्याच्या एका कंपनीतल्या लोकांची. श्यामसुंदर तिथे कायम दुसऱ्या पाळीला. तो कामावर गेला की त्याची बायको सुमेधा मध्यरात्रीपर्यंत घरात एकटी, सोबतीला कोल्हे. दादरच्या गजबजाटात वाढलेली मुलगी ती. दोन वर्षं तिने काढली आणि मग एक दिवस भाजी निवडता निवडता शांतपणे सांगितलं की यंदा सुपरवायझरची परीक्षा पास होऊन दिवसपाळी मिळाली तर ठीक, नाहीतर ती दादरला आईकडे राहील. त्याने हवं तर रविवारी येऊन भेटावं. ती रागावून बोलली असती तर श्यामसुंदरने कानाआड केलं असतं. शांतपणे बोलली, म्हणून त्याने दुसऱ्याच दिवशी परीक्षेची पुस्तकं आणली.

पण त्याच वर्षी कंपनीने परीक्षा नव्या पद्धतीने घ्यायचं ठरवलं. शंभर प्रश्न, प्रत्येकाखाली अ, ब, क, ड अशी चार उत्तरं, बरोबर असेल त्यावर खूण करायची. चाळीसला पास. चुकलं तर गुण कापणार नाहीत. हे वाचून श्यामसुंदरचा जीव भांड्यात पडला, आणि त्याने पुस्तकं कपाटावर टाकली.

पुढच्या रविवारी संध्याकाळी लाइट गेले तशी सगळी बिल्डिंग गच्चीवर जमली. श्यामसुंदरने पिशवीत चार चिंचोके टाकले, त्यातल्या एकाला खडू लावला, आणि न बघता एक काढायचा, दाखवायचा, परत टाकायचा, असं सुरू केलं. दुसऱ्या मजल्यावरच्या गंगारामने हिशेब ठेवला. खडूवाला चिंचोका खरोखरच चारांत एकदा येत होता! याचं सर्वांत जास्त आश्चर्य श्यामसुंदरलाच वाटलं, पण त्याने ते तोंडावर दिसू दिलं नाही.

मग त्याने समजावून सांगितलं. आपल्याला पंचवीस उत्तरं तर येतातच. उरलेल्या पंचाहत्तरांत डोळे मिटून खूण केली तरी अठराएक लागतात. झाले की त्रेचाळीस! फक्त अक्षर एकच धरायचं. अक्षर बदलत बसलं की माणूस विचार करायला लागतो आणि घात होतो.

"आणि कोणतं धरायचं म्हणता?" श्यामसुंदरने दिलेल्या शेंगा सोलता सोलता दिनानाथरावांनी विचारलं. महिन्याभरापूर्वी तळमजल्यावर राहायला आलेले हे गृहस्थ फार बोलत नसत. कंपनीच्या हेड ऑफिसात असतात, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

"ब," श्यामसुंदर म्हणाला. "पेपर काढणारा बरोबर उत्तर लपवणार ना? घरातली बाई बांगड्या लपवते त्या पहिल्या डब्यात ठेवते का? शेवटच्यातही नाही, चोर तिथे आधी बघतो. दुसऱ्या डब्यात, तूरडाळीखाली!"

गच्ची हसली. सुमेधा हसली नाही. तिच्या बांगड्या तिथेच होत्या, आणि आता ते अख्ख्या बिल्डिंगीला कळलं होतं. दिनानाथरावांनी मात्र मन लावून मान डोलावली, आणखी दोन शंका विचारल्या आणि शेंगांबद्दल आभार मानून खाली गेले. एवढा चांगला श्रोता श्यामसुंदरला आजवर मिळाला नव्हता.

त्यानंतर बिल्डिंगीतला अभ्यास थांबला. गंगारामने नोट्स भेळवाल्याला देऊन टाकल्या. संध्याकाळी पत्ते रंगायला लागले. सुमेधाने एकदोनदा पुस्तकं कपाटावरून काढून टेबलावर ठेवली, श्यामसुंदरने ती उचलून त्यांच्या जागी जुना रेडिओ ठेवला.

परीक्षेच्या दिवशी तो शीळ घालत हॉलमध्ये शिरला. बाकावर बसला, पेनाचं टोपण काढलं आणि दारातून पेपरांचे गठ्ठे घेऊन दिनानाथराव आत आले. परीक्षा विभागाचे प्रमुख म्हणून त्यांची ओळख करून देण्यात आली. पेपरही त्यांनीच काढलेला होता.

श्यामसुंदरने टोपण पुन्हा पेनाला लावलं. म्हणजे यांना 'ब' माहीत आहे! म्हणजे यांनी 'ब' टाळला असणार. मग 'क' करावं. पण आपण असा विचार करू हे इतक्या हुशार माणसाला कळणार नाही का? मग 'क' सुद्धा टाळला असणार. 'अ'? शक्यच नाही. 'ड'? छे. शिवाय ज्याने आपल्या शेंगा खाल्ल्या तो इतकं वाईट वागेल? आणि पेपर तर केव्हाच छापून झाला असेल! गंगाराम दोन बाकं सोडून भराभर 'ब', 'ब' करत सुटला होता, ते बघून श्यामसुंदरला धीर आला. येत होत्या त्या पंचवीस उत्तरांवर त्याने खुणा केल्या आणि उरलेल्या सगळ्यांना 'ब' करून टाकला.

पंचवीस गुण मिळाले. बरोबर पंचवीस. अख्ख्या पेपरात एकही उत्तर 'ब' नव्हतं.

गंगाराम आणि बाकीचे त्याच्याशी बोलेनासे झाले. शेवटी रविवारी संध्याकाळी तो तळमजल्यावर जाऊन दिनानाथरावांसमोर उभा राहिला आणि हे मुद्दाम केलंत का, असं त्याने विचारलं.

"मुद्दामच की," दिनानाथराव म्हणाले. "त्या दिवशी गच्चीवरून खाली येऊन मी पेपर काढून बघितला. तुम्ही म्हणालात ते खरं निघालं हो. निम्म्याच्या वर उत्तरं 'ब'च होती. माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मग छपाईच्या सगळ्या स्टेन्सिली पुन्हा कापल्या. तुमचे फार उपकार झाले."

म्हणजे तो गप्प बसला असता तर पास झाला असता. जिना चढताना हे त्याला पायरीपायरीला टोचत होतं.

सुमेधा गॅलरीत उभी होती. पलीकडे खाडीवर अंधार उतरत होता आणि कोल्ह्यांची सुरुवात झाली होती. त्याने निकाल सांगितला, दिनानाथरावांचं सांगितलं, काही म्हणजे काही लपवलं नाही. दादरला कधी पोचवू, हेही विचारलं. ती नसलेलं घर त्याला आत्ताच दिसायला लागलं होतं.

तिने दोरीवरचे वाळलेले कपडे काढून खांद्यावर टाकले.

"माझं लग्न ठरत होतं तेव्हा चार स्थळं आली होती," ती म्हणाली. "कुणाचंच धड काही माहीत नव्हतं. डोळे मिटले आणि तुमच्यावर खूण केली."

श्यामसुंदरने भीत भीत विचारलं, "मग? बरोबर आलं का?"

"निकाल अजून लागायचाय," सुमेधा म्हणाली. "तोवर कुठे जाणार मी? चला, जेवायची पानं घ्या."